मोत्यासारखं अक्षर

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, 'सुंदर अक्षर हाच खरा दागिना', आणि बरोबर त्याच्याखाली खुर्ची टाकून गुरुजी शुद्धलेखनाच्या वह्या तपासायचे. ज्याचं अक्षर वळणदार त्याची वही वर्गभर फिरायची, ज्याचं गिचमिड त्याला छडी. माझे कायम कोंबडीचे पाय. त्यामुळेच असेल, पण जो नेमाने रोज लिहितो, पैशापैशाचा हिशोब ठेवतो, ओळ सरळ काढतो, तो माणूस आतूनही नीट असणार हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की चाळिशी उलटली तरी निघालं नाही.

त्यात आमचे आजोबा. पंचगंगेच्या काठाला उसाचा मळा, आणि लाल कापडी बांधणीच्या लांबुळक्या वह्या. रोज रात्री कंदिलाशी बसून चार ओळी लिहायचे, पुढे लाइट आली तरी जागा तीच. "मृग कोरडाच गेला." "आर्द्रा, दुपारी सर, ओढ्याला पाणी नाही." मग पाण्याची पाळी, आडसाली लागण कधी केली, कारखान्याची टोळी कधी आली, किती टन भरला. अक्षर म्हणाल तर मोती. गेल्या पावसाळ्यात मी या वह्यांमधला सगळा पाऊस एक्सेलमध्ये भरायला घेतला (कशासाठी ते विचारू नका, सुट्टी होती) आणि मध्येच वाटलं, अशी घरगुती पावसाची नोंद इतकी वर्षं जगात आणखी कुणी ठेवलीय का? रात्री साडेबाराला असले प्रश्न पडतात आणि मग माणूस दोन वाजेपर्यंत झोपत नाही.

तर सापडला थॉमस थिसलवूड. इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा, १७२१ चा जन्म, आणि १७५० ते १७८६ जमैकात. साडेतीन दशकांहून जास्त काळ रोजच्या रोज डायरी, ३७ वह्या, सुमारे चौदा हजार पानं. त्यात पाऊस, वारा, ढग, उकाडा, इतकं व्यवस्थित की अठराव्या शतकात जमैकाचं हवामान कसं होतं हे शोधणाऱ्यांनी याच वह्या आधाराला घेतल्या. आता त्या अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी लायब्ररीत आहेत आणि स्कॅन केलेली पानं कुणालाही घरबसल्या बघता येतात. मी भलताच खूश झालो. म्हटलं, हा आपल्या आजोबांचा भाऊबंद. पान उघडलं, बारीक अक्षर, दाट ओळी, समास सोडलेला. गुरुजींनी वही वर्गात फिरवली असती.

माणूस तसा साधाच. कुळाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, सहा वर्षांचा असताना बाप गेला, शेती थोरल्याकडे, याच्या वाट्याला एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर मिळायचे दोनशे पौंड. गणित चांगलं, पुस्तकांचं वेड. १७४६ ते ४८ ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे जाऊन आला, म्हणजे इकडे साताऱ्यात शाहू महाराज अजून हयात होते तेव्हाची गोष्ट. त्यात काही नशीब उघडलं नाही, गावात लग्नाचं जमेना, मग उठला आणि जमैकाचं जहाज पकडलं. १७५० च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनला उतरला, खिशात ओळखीच्या चिठ्ठ्या, ट्रंकेत पुस्तकं. आपल्याकडून नाही का पोरं कुणाच्या तरी ओळखीवर दुबईला जातात, तसाच. गोऱ्या माणसाला तिथे नोकरी लगेच. कारण बेटावर गोरे मूठभर, आणि आफ्रिकेतून पकडून आणून विकलेले लोक त्यांच्या कितीतरी पट, आणि त्या लोकांवर उभं राहायला कुणीतरी हवाच असायचा. त्या कामाचं नाव ओव्हरसियर, म्हणजे आपल्या हिशोबात दिवाणजी आणि मुकादम एकाच अंगात.

पहिली नोकरी व्हाइनयार्ड पेन नावाच्या जागी. पेन म्हणजे तिकडे गुरांची वाडी. चाळीसेक गुलाम आणि हा एकटा गोरा, आठवडेच्या आठवडे दुसरं गोरं तोंड दिसायचं नाही. जुलैत हा कामाला लागतो न लागतो तोच मालकाने तिथल्या डिक नावाच्या मुकादमाला, तोही गुलामच, बांधून जवळजवळ तीनशे फटके मारवले. ऑक्टोबरात पळून गेलेल्या रॉबिनला फाशी दिली आणि त्याचं मुंडकं वाडीवर पाठवून दिलं, ते या आमच्या वाचनवेड्या माणसाने रस्ता वळतो तिथे कुरणात खांबावर लावलं. डायरीत एका ओळीत. पुढची ओळ दुसऱ्याच कामाची.

इथे मी लॅपटॉप मिटला होता खरं तर. दुसऱ्या दिवशी परत उघडला.

१७५१ मध्ये तो 'इजिप्त' नावाच्या उसाच्या मळ्यावर गेला, वेस्टमोरलंड परगण्यात, सव्हाना-ला-मार बंदराजवळ. नाव इजिप्त, जमीन दलदलीची, ऊस बेताचाच. ज्याने लहानपणी गुऱ्हाळ बघितलंय त्याला तिथलं बरंचसं न सांगता कळेल. चरक, रसाची पन्हळ, ओळीने मांडलेल्या काहिली, खाली चिपाडाचा जाळ, वर मळी काढत उभी असलेली माणसं. फरक असा की आमच्या गुऱ्हाळावर रात्री पोरं उसाचं कांडकं सोलत बसायची आणि गुळव्या काका गरम गुळाचा गोळा पानावर द्यायचे, आणि तिकडच्या मळ्यांवर चरकाशेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असायची, झोपेच्या तंद्रीत कुणाचा हात रुळात गेला तर खांद्यापर्यंत ओढला जायच्या आत तोडायला.

आणि ऊस खाणं. आमच्या गावात ट्रॉली चालली की आम्ही मागून धावत जाऊन ऊस ओढायचो, ड्रायव्हर फार तर आईवरून शिवी द्यायचा, तीही हसत. इजिप्तवर डर्बी नावाचा गुलाम होता. भुकेला माणूस, ऊस खाताना सापडला. जानेवारी १७५६ मध्ये थिसलवूडने त्याला फटके दिले आणि दुसऱ्या एका गुलामाला त्याच्या तोंडात हगायला लावलं. होय, तेच वाचलंत. सौम्य शब्द मी शोधत होतो, पण त्यानेच शोधला नाही तर मी कशाला. मे महिन्यात डर्बी पुन्हा ऊस खाताना सापडला, पकडून देणारा पोर्ट रॉयल नावाचा गुलाम, आणि या वेळी ते काम हेक्टरकडून करवून घेतलं. जुलैत तोच पोर्ट रॉयल पळाला आणि सापडला. फटके, जखमांवर खारवणी, हेक्टरला पुन्हा तेच काम, वर तोंडात बोळा कोंबून चार-पाच तास तसाच ठेवला. आणि त्याच महिन्याच्या शेवटी हेक्टरची पाळी, गुन्हा काय तर कुदळ हरवली. त्याच्या तोंडावर आणि डोळ्यांत नव्या आलेल्या एकाला मुतायला लावलं.

मी हे चारही प्रसंग कागदावर एकाखाली एक लिहून काढले तेव्हा त्यातली व्यवस्था दिसली. आज ज्याच्या हाताने करवून घेतलं, उद्या तो खाली. पकडून देणाराही सुटत नाही, करणाराही सुटत नाही, आणि चौघांनाही संध्याकाळी एकाच झोपड्यांच्या रांगेत परत जायचंय, एकमेकांची तोंडं बघायचीत. हे रागाच्या भरात सुचत नाही. याला डोकं लागतं, सवड लागते, आणि कुणाला काय आणि कधी केलं ते लक्षात ठेवायला वही लागते.

खारवणी म्हणजे काय तेही त्याने लिहून ठेवलंय. मीठ, लिंबाचा रस आणि तिखट मिरची. आमच्याकडे कैरीला लावतात ते सगळं.

त्याच्यावर कुणी हात उचलला नाही असं नाही. डिसेंबर १७५२ मध्ये काँगो सॅम नावाचा पळालेला गुलाम वाटेत समोर आला आणि बिल घेऊन अंगावर गेला. बिल म्हणजे ऊस तोडायचा कोयताच. तुला ठार मारतो म्हणत वार करत होता, आणि आजूबाजूला आलेली माणसं मदतीला धावली नाहीत, बघत राहिली. थिसलवूड थोडक्यात वाचला. (कोयता म्हटल्यावर आठवलं. आमच्याकडे ऊसतोडीला बीडकडून जोडपी येतात, नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. टोळीत किती माणसं असं मुकादम विचारत नाही, किती कोयते असं विचारतो. हे आणि ते एक नाही, अजिबात नाही, तो उचल घेऊन येतो आणि हंगाम संपला की गावी जातो. पण माणूस मोजायला हत्याराचं नाव वापरायची सवय ऊस जिथे जाईल तिथे जाते की काय असं वाटून गेलं.)

बायकांचं काय, ते सांगायलाच हवं आणि सांगवत नाही. त्याने प्रत्येक संबंधाची नोंद ठेवलीय, शाळकरी लॅटिनमध्ये, कुणाबरोबर, कुठे, जमिनीवर की पलंगावर, उसाच्या फडात की ओसरीत. पुढे एका इतिहासकाराने बसून बेरीज केली ती निघाली ३,८५२ वेळा, १३८ स्त्रिया. बहुतेक सगळ्या गुलाम. 'संबंध' हा शब्द मी वापरला खरा, पण जिला नाही म्हणायची सोयच नाही तिच्या बाबतीत तो शब्द लंगडा पडतो. मला जास्त त्रास लॅटिनचा झाला. म्हणजे लपवायचं होतं का? कुणापासून? घरात ती भाषा वाचणारं कोण होतं? मला वाटतं लाज वगैरे काही नव्हती, विद्वत्ता होती.

आणि मग फिबा.

तिकडे पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टकडच्या, म्हणजे आजच्या घानाकडच्या, रिवाजाने जन्माच्या वारावरून नाव ठेवायचे. फिबा म्हणजे शुक्रवारी जन्मलेली, कूबा बुधवारची. आपल्याकडे सोमा, मंगळ्या, बुधी असतात तसंच. फिबा इजिप्तच्या स्वयंपाकघरावर होती. १७५४ पासून थिसलवूड मरेपर्यंत, म्हणजे ३३ वर्षं, ती त्याच्याबरोबर राहिली. शिवणकाम करायची, खायचे पदार्थ विकायची, स्वतःची जनावरं पाळायची, आणि पैसे साठवून चक्क त्यालाच उसने द्यायची. १७५७ मध्ये मालकाशी बिनसलं म्हणून तो दुसऱ्या मळ्यावर गेला तेव्हा तिने त्याला सोन्याची अंगठी दिली, मागून कासवं, खेकडे असं काहीबाही पाठवत राहिली. आणि तिथेच, ती आजारी आहे असं कळल्यावर, त्याने लिहिलंय की बिचारीची कीव येते, भयंकर गुलामीत आहे ती. चौदा हजार पानांत असं वाक्य हाताच्या बोटावर. वर्षभरात तो परत इजिप्तला आला. हेक्टर, डर्बी, पोर्ट रॉयल, कुणाच्या बाबतीत हे वाक्य आलं नाही.

पुढे त्याने स्वतःची जागा घेतली तेव्हा फिबाचा मालक तिला विकायला तयार होईना, म्हणून तिला भाड्याने घेतली. वर्षाला अठरा पौंड.

इथे आपण 'काय ते गोरे' म्हणून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं. पण आमच्या घरात अजूनही भांडण झालं की आई म्हणते, मी काय तुमची बटीक आहे का! हा शब्द हवेतून नाही आला. पेशवाईत बटकी होत्या, कुणबिणी होत्या, विकत घेतलेल्या, विकलेल्या, कुणाला बक्षीस दिलेल्या, आणि त्यांच्या किमती दफ्तरात मोडीत लिहिलेल्या आहेत, तेही सुंदर वळणाच्या मोडीत. उसाचे मळे नव्हते एवढंच. आपले कारकूनही टापटिपीत कुणाला हार जाणारे नव्हते.

१७५६ मध्ये थिसलवूडने पहिला स्वतःचा गुलाम घेतला होता, सोळाएक वर्षांचा, पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांपैकी एक मुलगा, ४३ पौंडांना. नाव ठेवलं लिंकन. स्वतःच्या गावाकडचं नाव! आपण फ्लॅटला 'आजोळ' नाव देतो त्यातला प्रकार. खांद्यावर 'टीटी' अशी डागणी, मालकाच्या नावाची आद्याक्षरं. १७६० मध्ये बेटावर मोठं बंड झालं, टॅकीचं बंड म्हणतात, मेच्या अखेरीस ते वेस्टमोरलंडमध्येही पेटलं, शेजारचे मळे उठले आणि याने आपल्याच गुलामांच्या हातात शस्त्रं देऊन पहारा बसवला. त्याच धामधुमीच्या आधी महिनाभर फिबाला मुलगा झाला होता, जॉन. १७६२ मध्ये त्याला कायद्याने मुक्त केलं. आई मात्र गुलामच.

१७६७ मध्ये तो ब्रेडनट आयलंड पेनवर राहायला गेला, आता मालक. ऊस नाही, भाजीपाला, गुरं, आणि आपले गुलाम दुसऱ्यांच्या मळ्यावर मजुरीला पाठवायचं उत्पन्न. आणि बाग. या बागेबद्दल वाचताना मला परत परत आजोबा आठवायचे आणि मी चिडायचो. लंडनहून बिया मागवायचा, गुलाब, शतावरी, कुठल्या कुठल्या देशांची झाडं, कशाला किती दिवसांत कोंब आला, सगळी नोंद. पुस्तकांच्या पेट्या यायच्या, विजेवरची, वनस्पतींवरची, इतिहासाची. परगण्यातले मोठे लोक त्याच्याकडे पुस्तकं मागायला, बाग बघायला यायचे. शेतकऱ्याचं पोरगं 'साहेब' झालं. सत्तरच्या दशकात जस्टिस ऑफ द पीस झाला, म्हणजे परगण्याचा मॅजिस्ट्रेट, बंदरातल्या छोट्या किल्ल्याचा लेफ्टनंटही. गुलामांचा खटला चालायचा तो दोन मॅजिस्ट्रेट आणि तीन जमीनदार यांच्यापुढे, ज्युरी नाही. डर्बीला ज्याने ती शिक्षा दिली तो आता न्याय द्यायच्या खुर्चीवर. यात कुणाला काही खटकलं असेल असं वाटत नाही. उलट त्याच्याइतका वाचलेला, हिशोबी, वेळेवर येणारा माणूस दुसरा कोण मिळणार होता?

त्याच काळात कूबा. ब्रेडनटवरची एक तरुण गुलाम बाई. ती पळायची. सापडायची, फटके, परत पळायची. गळ्यात पट्टा आणि साखळी, डागणी, परत पळायची. आजारपण, मेलेलं मूल, परत पळायची. एकदा तर तिने त्याच्या पंचची, म्हणजे दारूची, गाळणी घाण करून ठेवली, मुद्दाम, आणि ती घाण तिच्याच तोंडाला फासली गेली. हे वाचताना मी मोठ्याने हसलो आणि मग लगेच गप्प झालो. त्याने माणसांच्या तोंडाशी जे केलं त्याचा इतका नेमका उलटा हिशोब दुसऱ्या कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात आलं नाही, आणि तिला लिहिता येत नव्हतं. शेवटी १७७४ मध्ये कंटाळून त्याने तिला चाळीस पौंडांना विकली, अमेरिकेत जॉर्जियाकडे जाणाऱ्या जहाजावर चढवली. पुढे तिचं काय झालं हे वहीत नाही, कारण वही त्याची. आणि पंचाईत अशी की कूबा पळाली होती हे मला त्याच वहीमुळे माहितीय. त्याच्या टापटिपीला शिव्या घालाव्यात तर तीही जाते.

१७८० च्या सप्टेंबरात जॉन गेला, वीस वर्षांचा. ३ ऑक्टोबरला चक्रीवादळ आलं, सव्हाना-ला-मार जवळजवळ पुसून टाकलं, आणि त्याची तेरा-चौदा वर्षांची बाग एका दिवसात गेली. त्यानंतर तो जमीन विकायच्या गोष्टी करू लागला, पण गिऱ्हाईक कोण. ३० नोव्हेंबर १७८६ ला वारला, वय ६५. तोवर नावावर तीसच्या वर माणसं होती, गुरांच्या, पुस्तकांच्या यादीबरोबर त्यांचीही यादी झाली. मृत्युपत्रात फिबाला मुक्त करावं, तिच्या मालकाने ऐंशी पौंडांपेक्षा जास्त मागितलं नाही तर, आणि जमिनीसाठी शंभर पौंड द्यावेत असं लिहिलेलं. त्या 'तर'ला सहा वर्षं लागली. १७९२ मध्ये ती मुक्त झाली.

हे सगळं वाचून झाल्यावर बरेच दिवस आजोबांच्या वह्या तशाच पडून होत्या, एक्सेल अर्धवट. गणपतीत गावी गेलो तेव्हा परत घेतल्या. पाऊस शोधता शोधता १९५८ च्या वहीत, पुष्य नक्षत्राच्या नोंदीखाली, त्याच मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ दिसली. मी ही वही आधीही चाळली होती, पण तेव्हा फक्त पाऊस बघत होतो.

"पुष्य बरा. गड्याचे दोन दिवस कापले. ऊस."

एवढंच. ऊस खाल्ला, ऊस नेला, की ऊस मोडला, काही नाही. गड्याचं नाव नाही. त्या जमैकावाल्याने निदान डर्बी लिहिलं होतं. मी पुढची-मागची पानं उलटली, पाण्याची पाळी, खताची गाडी, बैलांची नावं आहेत, सर्जा आणि पाखऱ्या.

आत्या माजघरात मोदकाची उकड मळत बसली होती, ब्याऐंशीची आहे, सगळं आठवतं तिला. वही तिच्यापुढे धरली आणि विचारलं, आत्या, हा गडी कोण गं? तिने पिठाचे हात लांब ठेवून, चष्म्यातून वाकून ती ओळ दोनदा वाचली.

"कोण होता की बाबा. लई गडी होते तवा," म्हणाली. मग थोडं थांबून, "पर अक्षर बघ अण्णांचं. छापल्यागत."